‘देव नाही’ हे म्हणणं तर्कात बसतं का? चार्वाक, उदयन आणि कुमारिल

मंडळी, आजचा प्रश्न तुम्ही घरीदारी ऐकलेला आहे. कुणी म्हणालं, ‘मी देव मानत नाही’, की समोरचा विचारतो, ‘मग नाही हे सिद्ध करून दाखव.’ ते जमलं नाही की निकाल लागतो: नास्तिकाची भूमिकाच तर्कात बसत नाही. हा वाद आपल्या दर्शनांमध्ये फार काटेकोरपणे झालेला आहे. त्यातली एक लढत आज बघू.

आधी एक बाजू. चार्वाक म्हणतात, प्रत्यक्ष हेच एक प्रमाण. अनुमान का नको? धूर दिसला की अग्नी आहे असं आपण म्हणतो. पण सगळ्या ठिकाणचा, सगळ्या काळातला धूर कुणी पाहिलाय? मग ‘जिथे धूर तिथे अग्नी’ हा नियम, म्हणजे व्याप्ती, आणायची कुठून? तेव्हा जे दिसतं ते आहे. ईश्वर दिसत नाही, म्हणून नाही.

आता दुसरी बाजू. सुमारे हजार वर्षांपूर्वी मिथिलेत उदयनाचार्य होऊन गेले, न्यायदर्शनाचे मोठे पंडित. ‘न्यायकुसुमांजली’ हा त्यांचा ग्रंथ ईश्वरसिद्धीसाठीच लिहिलेला आहे. ते चार्वाकाला विचारतात: तू घराबाहेर पडलास की बायकामुलं तुला दिसत नाहीत. मग ती नाहीतच, असं समजून ऊर बडवत बसणार का? घरी परत कशाला जातोस?

चार्वाक म्हणतो, व्यवहार संभाव्यतेवर चालतो. ती घरी असतील एवढं वाटणं पुरे. उदयन तिथेही सोडत नाहीत. ‘दिसत नाही म्हणजे नाही’ असं एकदा ठरवलंस, तर ‘असेल’ला जागा उरली कुठे?

मग ते नियम नीट मांडतात. न दिसण्यावरून अभाव कळतो, पण दिसण्याजोग्या वस्तूचाच. समोरच्या पाटावर तांब्या असता तर दिसला असता. दिसत नाही, म्हणून नाही. परमाणू मात्र डोळ्यांना दिसण्याजोगाच नाही. तो दिसला नाही, यावरून काहीच ठरत नाही. ईश्वराचंही तसंच.

हा घाव वर्मी बसतो, हे मान्य करायला हवं. पण बसतो कुणावर? ‘दिसत नाही म्हणून नाही’ म्हणणाऱ्यावर. सगळे नास्तिक तेवढंच म्हणत होते का? नाही.

पुरंदर नावाचा एक चार्वाक होता. आठव्या शतकातले बौद्ध पंडित कमलशील त्याचं मत सांगतात: लोकव्यवहारातलं अनुमान आम्हालाही मान्य आहे, अनुभवाची हद्द ओलांडून परलोकापर्यंत जाणारं अनुमान मान्य नाही. म्हणजे उदयनांच्या आधीच ही दुरुस्ती झालेली होती. पुरंदर खुशाल घरी जातो, बायकामुलं आहेत असं अनुमान करतो, आणि त्याची भूमिका मोडत नाही.

दुसरे कुमारिल भट्ट, सातव्या शतकाच्या सुमाराचे मीमांसक. हे तर वेद प्रमाण मानणारे! मनुस्मृतीच्या व्याख्येत वेदनिंदक तो नास्तिक, त्यामुळे कुमारिल पक्के आस्तिक ठरतात. तरी जगाचा कर्ता असा ईश्वर ते मानत नाहीत. त्यांचा प्रश्न वेगळा आहे. घडा आहे म्हणजे कुंभार आहे, तसं जग आहे म्हणजे कर्ता आहे, असं म्हणता ना? मग कुंभारासारखाच कर्ता घ्या: देह असलेला, नाश पावणारा. तो ईश्वर कसा? आणि करुणेपोटी जग केलं म्हणावं, तर सृष्टीआधी करुणा करायला होतं कोण?

इथे अनुमान नाकारलेलं नाही. उलट, ‘तुमचं अनुमान तुम्ही म्हणता तिथवर पोचत नाही’ एवढंच म्हटलंय. यात विसंगती दाखवणं अवघड आहे. उदयनांनाही जाणीव होती, की चार्वाकाला गप्प केल्यानं ईश्वर सिद्ध होत नाही. म्हणून पाचव्या स्तबकात ते स्वतंत्र प्रमाणं देतात, आणि त्यातलं पहिलंच ‘जग हे कार्य आहे, म्हणून त्याला कर्ता हवा’ असं आहे. म्हणजे कुमारिलांनी ज्यावर बोट ठेवलं होतं, तेच.

एक सावधगिरी मात्र बाळगू या. चार्वाकांचे मूळ सूत्रग्रंथ उरलेले नाहीत. त्यांची मतं बरीचशी त्यांच्या विरोधकांच्या पुस्तकांतून कळतात. आरोपीची बाजू फिर्यादीच्या कागदांतून वाचण्यासारखं आहे हे.

तेव्हा उद्या कुणी ‘सिद्ध कर’ म्हणालं, तर आधी विचारा: नेमकं काय? ‘ईश्वर नाही’ असा दावा केलात, तर पुरावा तुम्ही द्यायचा. तिथे उदयनांचं ऐकावंच लागेल. ‘तुमचा पुरावा पुरत नाही’ एवढंच म्हणत असाल, तर ओझं समोरच्यावर आहे. ही दोन वाक्यं वेगळी आहेत, आणि निम्मं भांडण ती एक समजल्यामुळे होतं.

इथे थांबतो. आता तुमचे प्रश्न घेऊ.