कुंपणाचा इतिहास आणि रुईवरचा मावा

परसदारात देशी झाडं लावायचं म्हटलं की पहिला प्रश्न येतो, "त्यानं कीड वाढंल ना शेतात?" प्रश्न रास्त आहे. उत्तरासाठी दोन कुंपणांचा इतिहास बघू.

पहिलं कुंपण घाणेरीचं, म्हणजे टणटणीचं. मूळची ही अमेरिका खंडाच्या उष्ण भागातली. इंग्रजांनी १८०९ च्या आसपास कोलकात्याच्या वनस्पती उद्यानात शोभेचं झुडूप म्हणून आणली. तिथून बंगल्यांच्या कुंपणाला, आणि पाखरांनी बिया टाकत टाकत डोंगरापर्यंत. आज आपल्या गायरानात, सह्याद्रीच्या उतारावर तिचं रान माजलंय. पानं विषारी, जनावर तोंड लावत नाही. शिवाय तिला खाणारे बहुतेक किडे तिकडेच राहिले. फुलपाखरं मधाला येतात, पण त्यांच्या अळ्या तिच्यावर पोसत नाहीत.

दुसरं कुंपण निवडुंगाचं. तोही अमेरिकेचाच. लाल रंग देणारा कोचिनील किडा निवडुंगावर वाढतो, म्हणून कंपनी सरकारला तो हवा होता. १७९५ मध्ये ब्राझीलहून किडा आला, पण निघाला दुसऱ्याच जातीचा. रंगाचा धंदा काही जमला नाही, उलट त्या किड्यानं एका जातीच्या निवडुंगाचा फडशा पाडला. फड्या निवडुंगाला मात्र तो हात लावेना. त्यासाठी १९२६ मध्ये श्रीलंकेहून वेगळ्या जातीचा किडा आणावा लागला, तेव्हा कुठं दक्षिणेतली रानं मोकळी झाली.

बघा, निवडुंगातला निवडुंग, तरी किडा जात ओळखून खातो. सगळेच किडे असे नसतात; हिरवी बोंडअळी काहीही खाते. पण बरेचसे किडे एका झाडाला किंवा एका कुळाला बांधलेले असतात. परसदारात काय लावायचं ते यावरूनच ठरतं.

माझ्या परसात रुई आहे. तिच्यावर पिवळाधमक मावा येतो. तो रुईच्या आणि कण्हेरीच्या कुळातला, ज्वारी-कपाशीवर जात नाही. पण त्याला खायला ढालकिडे येतात, आणि ढालकिड्याला बऱ्याच जातींचा मावा चालतो. शेतात मावा पडण्याआधी घराजवळ मित्रकिड्यांचं बिऱ्हाड तयार असतं. बाकी कुंपणाला निर्गुडी, अडुळसा, करवंद. जनावरं निर्गुडी-अडुळसा खात नाहीत आणि करवंदाचा काटा आत येऊ देत नाही. आपली जुनी कुंपणं हीच होती. कोपऱ्यात बेल आणि कढीपत्ता. महाराष्ट्रानं २०१५ मध्ये ज्याला राज्य फुलपाखराचा मान दिला त्या ब्लू मॉरमॉनच्या अळ्या लिंबाच्याच कुळातल्या झाडांवर वाढतात.

आता सावधगिरीच्या दोन गोष्टी. लिंबाची, संत्र्याची रोपवाटिका असेल तर बेल-कढीपत्ता तिच्यापासून लांब ठेवा. कोवळ्या रोपांची पानं अळ्या साफ करतात. आणि कपाशीवाल्यांनी बांधाशेजारी पेटारी, जास्वंद ठेवू नये, त्यांच्यावर पिठ्या ढेकूण टिकून राहतो. म्हणजे देशी की विदेशी एवढंच बघून भागत नाही, त्या झाडावर कोण जगतं तेही बघावं लागतं. मिरची बाहेरूनच आली, झेंडूही बाहेरचाच. त्यांना कोण हाकलतंय? पण सगळं परस शोभेच्या परदेशी झुडपांनी भरलं तर आपल्या किड्यांना अंडी घालायला जागा उरत नाही. मग त्यांच्यावर जगणारे ढालकिडे, पाखरं तरी कशाला थांबतील? दाणे टिपणारी चिमणीसुद्धा पिल्लांना अळ्याच भरवते.

पाऊस पडला की निर्गुडीच्या फांद्या तोडून लावा, सहज जगतात. खर्च शून्य. आणि घरातल्या म्हाताऱ्या माणसांना विचारा, तुमच्या वाड्याला पूर्वी कुंपण कशाचं होतं? खाली लिहा, गावाच्या नावासकट.