दोषारोपाकडून विश्वस्ततेकडे : स्वमग्नतेच्या जनुकीय संशोधनातील सामायिक साहित्याचा इतिहास

प्रस्तावना :
विज्ञानाचा इतिहास सामान्यतः शोधांचा व शोधकर्त्यांचा इतिहास म्हणून लिहिला जातो. संशोधनाचे साहित्य कोणी पुरविले आणि त्यावर हक्क कोणाचा होता, हे प्रश्न त्यात दुय्यम ठरतात. ऑटिझम अर्थात स्वमग्नता या अवस्थेच्या जनुकीय अभ्यासाचा इतिहास मात्र या प्रश्नांना वगळून सांगता येत नाही. ज्या आईवडिलांना एकेकाळी या अवस्थेबद्दल दोषी ठरविले गेले, त्यांच्यापैकीच काहींनी अमेरिकेत पुढे संशोधनसाहित्य सर्वांना खुले करण्याची वाट घालून दिली. या परिवर्तनाचा आढावा घेणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

पार्श्वभूमी :
बाल्टिमोर येथील जॉन्स हॉपकिन्स संस्थेतील लिओ कॅनर यांनी १९४३ मध्ये ११ मुलांच्या निरीक्षणांवर आधारलेला निबंध प्रसिद्ध केला. ही अवस्था जन्मजात असावी असे त्यांनी सुचविले. तथापि पालकांच्या भावनिक अलिप्ततेचीही नोंद केली. पुढील काळात या नोंदीलाच अवास्तव महत्त्व आले. बर्नार्ड रिमलँड हे मानसशास्त्रज्ञ होते, तसेच स्वमग्न मुलाचे पिताही होते. त्यांनी १९६४ मध्ये जैविक कारणांची बाजू मांडली. तरीही ब्रुनो बेटेलहाइम यांच्या १९६७ च्या ग्रंथामुळे आईला जबाबदार धरणारा विचार लोकमानसात अधिकच रुजला. अखेर १९६९ मध्ये पालक संघटनेच्या सभेत खुद्द कॅनर यांनी आईवडिलांना दोषमुक्त म्हटले.

शास्त्रीय पुरावा १९७७ मध्ये पुढे आला. सुसान फोलस्टीन व मायकेल रटर यांनी जुळ्या भावंडांच्या २१ जोड्या तपासल्या. एकबीज जुळ्यांच्या ११ पैकी ४ जोड्यांत दोन्ही मुले स्वमग्न होती. द्विबीज जुळ्यांच्या १० पैकी एकाही जोडीत तसे आढळले नाही. आनुवंशिकतेचा वाटा यातून स्पष्ट झाला.

साहित्याची कोंडी :
कारणीभूत जनुके शोधण्याचे काम मात्र बिकट होते. नील रिश व सहकाऱ्यांनी १९९९ मध्ये अशी जनुके १५ किंवा त्याहून अधिक असावीत असा अंदाज मांडला. अनेक जनुकांचा अल्प प्रभाव ओळखण्यासाठी शेकडो कुटुंबांचे नमुने लागतात. प्रत्यक्षात नमुने वेगवेगळ्या प्रयोगशाळांत विखुरलेले होते. ज्याच्याकडे नमुने त्याच्याकडे प्रथम प्रकाशनाची संधी, अशी शैक्षणिक स्पर्धेची रचना असल्याने ते दुसऱ्याला देण्यात कोणाचेच हित नव्हते.

ही कोंडी फोडण्याचा प्रयत्न एका पालक दांपत्याने केला. पोर्शिया आयव्हर्सन व जोनाथन शेस्टॅक यांनी १९९५ मध्ये लॉस एंजेलिस येथे ‘क्युअर ऑटिझम नाऊ’ ही संस्था स्थापन केली. नमुने एकत्र करण्याच्या त्यांच्या विनंतीला संशोधकांकडून पुरेसा प्रतिसाद मिळाला नाही. तेव्हा १९९७ मध्ये संस्थेने स्वतःच ‘ऑटिझम जेनेटिक रिसोर्स एक्स्चेंज’ (एग्रे) हा संग्रह उभारला. मुख्यत्वे दोन वा अधिक स्वमग्न मुले असलेली कुटुंबे त्यात सहभागी झाली. निदानासाठी सर्वांना एकच प्रमाणित मुलाखतपद्धती लावण्यात आली. रक्तापासून तयार केलेल्या पेशी न्यू जर्सीतील रटगर्स विद्यापीठाच्या भांडारात जतन करण्यात आल्या आणि पात्र संशोधकांना नमुने व माहिती खुली झाली. महत्त्वाचा बदल असा की, संग्रहावरील ताबा कोणा एका संशोधकाकडे न राहता पालकांच्या संस्थेकडे राहिला. २००७ मध्ये ही संस्था ‘ऑटिझम स्पीक्स’मध्ये विलीन झाली.

फलित आणि नवे प्रश्न :
या पद्धतीचे फलित २००८ मध्ये दिसून आले. एग्रेमधील ७५१ कुटुंबांच्या माहितीवरून सोळाव्या गुणसूत्राच्या एका भागातील लोप व द्विरुक्ती सुमारे १ टक्का रुग्णांशी निगडित असल्याचे दाखविण्यात आले. बोस्टन व आइसलँड येथील स्वतंत्र माहितीशी हा निष्कर्ष ताडून पाहण्यात आला. इतका विरळ बदल एखाद्या छोट्या संग्रहात योगायोग म्हणून दुर्लक्षित राहिला असता.

तथापि, येथे आणखी एक पक्ष विचारात घ्यावा लागतो. बालकाच्या वतीने संमती पालक देतात. परंतु जनुकीय माहिती आयुष्यभर त्या व्यक्तीचीच असते. ब्रिटनमध्ये १०,००० स्वमग्न व्यक्तींचे नमुने गोळा करण्यासाठी ‘स्पेक्ट्रम १० के’ हा प्रकल्प ऑगस्ट २०२१ मध्ये जाहीर झाला. माहितीचा भावी वापर कोण व कशासाठी करील, असा आक्षेप स्वमग्न व्यक्तींनीच घेतला आणि सप्टेंबरमध्ये तो स्थगित करावा लागला.

निष्कर्ष :
सामायिकीकरण ही केवळ तांत्रिक सोय नसून तो विश्वासाचा व्यवहार आहे, असे या इतिहासावरून दिसते. नमुना ही संशोधकाची मालमत्ता नव्हे, तर सोपविलेली ठेव आहे, ही जाणीव पालकांनी विज्ञानाला दिली. ठेव ज्याची आहे, त्यालाही निर्णयात स्थान हवे, ही मागणी आता स्वमग्न व्यक्ती करीत आहेत. पहिली जाणीव स्वीकारणाऱ्या विज्ञानाला ही दुसरी मागणी नाकारता येणार नाही, असे प्रस्तुत लेखकास वाटते.