संत मोनिका आणि तिच्या नावाचा गोव्यातील मठ : संतचरित्रांतील दोषकथनाचा एक विचार

जुन्या गोव्यात मोंत सांतो टेकडीवर सांता मोनिका मठाची जांभ्या दगडाची भव्य वास्तू उभी आहे. ऑगस्टिनियन पंथाचे आर्चबिशप आलेशो द मेनेझिस यांनी 1606 साली या मठाची स्थापना केली. पूर्वेकडील स्त्रियांच्या आद्य कॅथलिक मठांत त्याची गणना होते. आजन्म ब्रह्मचर्य स्वीकारणाऱ्या या मठवासिनींची अधिष्ठात्री मात्र संसारी स्त्री होती. नवरा, सासू, दासदासी आणि हाताबाहेर गेलेला मुलगा यांतच तिचे आयुष्य सरले. लहानपणी ती चोरून मद्य पीत असे, ही गोष्टही तिच्या मुलानेच लिहून ठेवली आहे.

हा मुलगा म्हणजे संत ऑगस्टीन. इ. स. 400 च्या सुमारास सिद्ध झालेल्या आपल्या आत्मनिवेदनाच्या नवव्या भागात तो आईची हकीकत सांगतो. घरचे लोक मोनिकाला पिंपातून मद्य काढून आणावयास पाठवीत. आरंभी ती केवळ ओठ ओले करी. पुढे भरले पेले रिचवू लागली. एकदा भांडणाच्या भरात दासीने तिला दारूबाज म्हणून हिणवले. तो शब्द वर्मी लागला आणि सवय सुटली. दासीचा हेतू तिला सुधारण्याचा नव्हता, डिवचण्याचा होता, हेही ऑगस्टीन नोंदवितो.

नवरा पॅट्रिशियस रागीट व बाहेरख्याली. शेजारणींच्या चेहऱ्यांवर माराचे वळ दिसत. मोनिकाच्या अंगावर तसे वळ कोणी पाहिले नाहीत. पण ती त्या शेजारणींनाच जीभ आवरावयास सांगे. हा उपदेश आजच्या वाचकाला खटकल्यावाचून राहणार नाही. याहून मोठा प्रश्न मुलाच्या लग्नाचा. त्याला प्रतिष्ठित घरची मुलगी मिळावी म्हणून मोनिकाने खटपट केली आणि त्या लग्नाच्या आड येणारी, त्याच्या मुलाची आई असलेली स्त्री परत आफ्रिकेस धाडली गेली. मुलगा बापापाशी राहिला. ऑगस्टीनने आपल्या हृदयाची जखम वर्णिली, त्या स्त्रीचे नाव मात्र लिहिले नाही. मद्याच्या घोटापेक्षा मोनिकेचा हा मातृसुलभ महत्त्वाकांक्षेचा दोष अधिक गंभीर मानावा लागेल.

हे दोष टिकले याचे कारण सांगणारा मुलगा होता. स्वतःच्या पापांचा पाढा वाचीत असताना आईला निर्दोष दाखविण्याची त्याला गरज नव्हती. गोव्याच्या मठाचे तसे झाले नाही. त्याची आरंभीची प्रमुख फिलिपा दा त्रिंदाद ही विधवा. तिची मुलगीही तिच्याबरोबर मठात आली. म्हणजे हाही एका अर्थी मायलेकींचा संसारच. काळ्या शिरोवस्त्राचा मान मुख्यत्वे पोर्तुगीज वंशाच्या स्त्रियांना. स्थानिक स्त्रियांच्या वाट्याला बहुधा पांढरे शिरोवस्त्र येई. श्रीमंत घरच्या मुली हुंड्यासह मठात जातात आणि मालमत्ता मठाकडे वळते, अशी गोव्याच्या नगरसभेची तक्रार होती. अशा वादात मठाची बाजू मांडणाऱ्या धर्मगुरूंना मठवासिनींची थोरवीच सांगणे भाग होते. 1636 साली क्रूसावरील ख्रिस्तमूर्तीने डोळे उघडल्याचा चमत्कार गाजला, तोही याच वादाच्या काळात. आगोस्तीन्यो द सांता मारिया यांचा मठेतिहास 1699 साली प्रसिद्ध झाला, तोही याच पंथातील पुरुषाच्या हातचा.

लेखनाचा हात कोणाचा, यावर दोषांचे जगणे-मरणे अवलंबून असते. लिझ्युची तेरेझ प्रार्थनेत झोपी जाई, शेजारच्या भगिनीने केलेल्या बारीकशा आवाजाने घामाघूम होई. हे तिने स्वतः लिहिले. तिच्या मृत्यूनंतर 1898 साली छापलेल्या आत्मकथेवर तिच्या सख्ख्या बहिणीने बराच हात फिरविला होता. मूळ हस्तलिखिते 1956 साली प्रकाशात आली.

सांता मोनिका मठ भरात होता त्याच शतकात देवगावची बहिणाबाई (1628–1700) आपले आत्मनिवेदन अभंगांतून सांगत होती. अजाणत्या वयात प्रौढ नवऱ्याशी झालेले लग्न, तुकोबांच्या ध्यासापायी खाल्लेला मार, गरोदरपण, वासराचा लळा हे सारे तिच्या शब्दांत येते. नवऱ्याची सेवा की विठ्ठलाची भक्ती, या दोहोंत तिचे मन हेलकावे खाते आणि ती ते लपवीत नाही. मोनिकेने शेजारणींना केलेला उपदेश बहिणाबाईही कधी कधी स्वतःलाच करते. फरक एवढाच की, माराचे वळ तिच्या स्वतःच्या अंगावर होते.