सेगांवची वाट

शीत प्रदेशांत हिंवाळ्याच्या सकाळीं मोटारीवरचें बर्फ खरवडल्यावांचून रस्त्यावर निघतां येत नाहीं. वर्ध्याच्या मुलखांत बर्फ पडत नाहीं. तेथें चाक अडतें तें पावसाळ्यांतील काळ्या मातीनें. ही माती पाणी पिऊन फुगते, चिकट होते आणि आऱ्यांत व धांवेभोंवतीं थर धरून बसते. म्हणून गाडीवान वाटेंत थांबून चाकें खरवडी आणि मगच बैल हांकी. न काढलेल्या चिखलाचा भार अखेर बैलांच्याच मानेवर पडे.

३० एप्रिल १९३६ रोजीं गांधीजी वर्ध्याहून पायीं सेगांवास आले, तेव्हां पांचएक मैलांच्या त्या वाटेला पक्की सडक नव्हती. जूनमध्यें ते कायमचे राहावयास निघाले तेही भर पावसांत, चिखल तुडवीत. महादेवभाई देसाई वर्ध्याच्या मगनवाडींत राहत. कामासाठीं ते उन्हातान्हांत चालत सेगांवास येत आणि तसेच परत जात. जाऊन-येऊन सुमारें ११ मैलांची ही रपेट होई.

१९४० मध्यें सेगांवचें सेवाग्राम झालें. पुढें सडकही झाली. परंतु ती नव्हती तोंवर तिच्या अभावाचा भार बैलांच्या मानेनें आणि अशा माणसांच्या पायांनींच वाहिला.