श्वासविकारांत नृत्य-गायन

दीर्घकालीन श्वासविकार असलेल्यांची धाप आणि तिच्यामुळे मनात बसलेली धास्ती कमी व्हावी, म्हणून औषधोपचारांच्या जोडीने केला जाणारा नृत्य, गायन आदी कलांचा उपयोग. सीओपीडी, म्हणजे श्वासमार्ग कायमचे अरुंद करणारा फुफ्फुसविकार, तसेच दमा, फुफ्फुसांची तंतुमयता आणि कोविडनंतर रेंगाळणारी धाप यांत तो प्रामुख्याने होतो.

धाप लागेल या भीतीने रुग्ण चालणे, जिने चढणे टाळतो. त्याने स्नायू दुबळे होतात आणि पुढच्या खेपेस तेवढ्याच श्रमाने धाप अधिक लवकर लागते. सीओपीडीत तर श्वासाची गती वाढली की आधीची हवा पुरती बाहेर पडण्यापूर्वीच नवी आत येते, छाती फुगलेलीच राहते आणि दम कोंडतो. गाताना ओळ संपेपर्यंत उच्छ्वास लांबवावा लागत असल्याने सावकाश, पुरता श्वास सोडण्याचा सराव आपोआप घडतो.

नृत्यवर्गाची सुरुवात बहुधा खुर्चीत बसूनच होते. हात खांद्यांच्या वर नेणे या रुग्णांना विशेष जड जाते, कारण मान व खांद्यांचे जे स्नायू हात पेलतात तेच त्यांच्या श्वासालाही मदत करीत असतात. म्हणून हात उचलताना श्वास आत घेणे आणि खाली आणताना ओठांचा चंबू करून तो हळूहळू सोडणे, असा मेळ तालावर बसवला जातो. दमलेल्याने बसून घ्यावे आणि केवळ हातांनी नाचत राहावे, ही मोकळीक महत्त्वाची आहे. थांबणे म्हणजे हार, ही व्यायामशाळेत सहज येणारी भावना नृत्यवर्गात उरत नाही.

ब्रिटनमध्ये हे कार्य विशेष रुजले. डरहॅम व ब्रिस्टल विद्यापीठांच्या ‘लाइफ ऑफ ब्रेथ’ प्रकल्पात वैद्यकाबरोबर तत्त्वज्ञान, इतिहास व कला यांच्या आधारे श्वासानुभवाचा अभ्यास झाला. त्याच्या प्रमुखांपैकी तत्त्वज्ञ हावी कारेल यांना स्वतःलाच दुर्मीळ फुफ्फुसविकार आहे. इंग्लिश नॅशनल ऑपेराने 2020 मध्ये लंडनच्या इम्पीरियल कॉलेज रुग्णालयसमूहासह दीर्घ कोविडच्या रुग्णांसाठी सहा आठवड्यांचा ऑनलाइन उपक्रम सुरू केला, त्यात अंगाईगीते गाऊन घेतली जात. 2022 मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्याच्या 150 जणांवरील चाचणीत मानसिक स्वास्थ्याशी निगडित जीवनमान सुधारलेले दिसले, शारीरिक बाजूत मात्र तसा फरक आढळला नाही.

पुरावा अद्याप तोकडा आहे: उपचारांविषयीचे अभ्यास एकत्र तपासणाऱ्या कॉक्रेन संस्थेच्या सीओपीडीतील गायनाविषयीच्या 2017 च्या आढाव्यात तीनच अभ्यास व 112 रुग्ण होते. या कलांनी फुफ्फुसांची झीज भरून निघत नाही. त्यांचा खरा लाभ धापेची दहशत ओसरण्यात आहे. अचानक वाढलेली धाप, छातीत दुखणे किंवा ओठ निळसर पडणे या लक्षणांवर मात्र तातडीचे वैद्यकीय उपचारच घ्यावे लागतात.