सुतकीपासून क्रश सँडपर्यंत

सह्याद्रीच्या काळ्या पाषाणाची खडी पूर्वी हातांनीच फुटे. वडार समाजातले पुरुष पहार-घणाने दगड सुटे करत, बायका सुतकी या हातोड्याने त्यांचे तुकडे पाडत.

यंत्र आले अमेरिकेतून. न्यू हेवनजवळच्या रस्त्यासाठी खडी फोडण्याचा खटाटोप पाहून एली व्हिटनी ब्लेक यांनी दगड चावणारे ‘जॉ क्रशर’ घडवले. १८५८ मध्ये त्याचे पेटंट मिळाले.

पुढे नदीतल्या वाळूउपशावर निर्बंध आले आणि हाच काळा पाषाण, म्हणजे बेसाल्ट, भरडून, चाळून केलेल्या वाळूला, म्हणजेच क्रश सँडला, मागणी वाढली. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गासाठीही ती वापरली गेली.

भारतीय मानक ३८३ नुसार ७५ मायक्रॉनहून बारीक भुकटी नैसर्गिक वाळूत ३ टक्क्यांपर्यंत, तर दगडाच्या वाळूत १५ टक्क्यांपर्यंत चालते. खरेदीपूर्वी भुकटीच्या प्रमाणाचा चाचणी-अहवाल जरूर मागावा.