सर्पगंधेच्या दोन साक्षी

ओढ्याकाठच्या ओलसर सावलींत वाढणारें सर्पगंधेचें झुडूप उंचीनें जेमतेम हात-दीड हात असतें. लालसर देठांवर पांढरीं-गुलाबी फुलें येतात व मागाहून काळसर जांभळीं फळें धरतात. परंतु लोकांनीं तिचें मोल केलें तें जमिनीखालच्या कडू मुळासाठीं. सह्याद्रीपासून हिमालयाच्या पायथ्यापर्यंत या मुळाविषयीं लोकपरंपरा दोन गोष्टी सांगत आली. एक, तें सर्पाचें विष उतरवितें. दुसरी, तें वेडाचा आवेग शमवून झोंप आणितें. बिहारांत तर तें ‘पागल की दवा’ या नांवानेंच बाजारांत विकलें जाई.

या दोन साक्षींची खरी परीक्षा विसाव्या शतकांत झाली. कलकत्त्याचे गणनाथ सेन व कार्तिकचंद्र बोस यांनीं इ. स. १९३१ मध्यें हें मूळ वेडावर व वाढलेल्या रक्तदाबावर गुणकारी असल्याचें प्रसिद्ध केलें. त्याच वर्षीं दिल्लींत सलीमुझ्झमान सिद्दिकी यांनीं मुळांतील द्रव्यें वेगळीं काढलीं व त्यांतील एकास हकीम अजमलखान यांच्या स्मरणार्थ ‘अजमलीन’ असें नांव दिलें. पुढें मुंबईचे डॉ. रुस्तम जाल वकील यांनीं रक्तदाबाच्या रोग्यांवरील आपला अनुभव १९४९ सालीं इंग्लंडांतील हृद्रोगविषयक नियतकालिकांत मांडला, तेव्हां पाश्चात्य वैद्यकाचें लक्ष इकडे वळलें. १९५२ मध्यें स्वित्झर्लंडांत ‘रेसर्पीन’ हें मुळांतील प्रभावी द्रव्य हातीं आलें. मज्जातंतूंच्या टोकांशीं सांठलेलीं उत्तेजक द्रव्यें तें रितीं करितें. त्यामुळें रक्तदाब उतरतो व क्षुब्ध मन शांत होतें.

दुसरी साक्ष अशी खरी ठरली; पण पूर्णपणें निर्दोष नव्हे. कित्येक रोग्यांना या द्रव्यानें खोल उदासीनता येऊं लागली, आणि पुढें अधिक सौम्य औषधें निघतांच तें मागें पडलें. पहिल्या साक्षीला मात्र आधार मिळाला नाहीं. सर्पदंशावर खात्रीचा उपाय प्रतिविषाचा. मुळाच्या भरंवशावर घालविलेला वेळ प्राणांवर बेततो.

मूळ काढावयाचें तर झुडूप उपटावें लागतें. मागणी वाढली तशी रानांतील सर्पगंधा विरळ झाली, व आज तिच्या परदेशी व्यापारावर निर्बंध आहेत. हकीमसाहेबांचें नांव एका द्रव्यास लाभलें. पण पिढ्यान्‌पिढ्या हें मूळ ओळखून जपणाऱ्या खेड्यांतील वैदूंचीं नांवें कोठेंच नोंदलेलीं नाहींत. त्यांचें सांगणें जसेंच्या तसें स्वीकारणें घातक ठरलें असतें. तें न ऐकतां टाकून देणेंही तितकेंच.